आक्का, ते गवत मी उपटलं होतं

आक्का, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सोप्यात माणसं बसली होती. जो तो तुझी आठवण काढत होता. आपल्या गल्लीतले भूपालआण्णा म्हणाले, "सोनाक्कासारखी बाई बघितली न्हाय. हातनं चूक झाली तर सगळ्या गावापुढं उभं राहून माझी चूक म्हणाली. गड्यामाणसाला बी जमत न्हाय हे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

विमल चहा घेऊन आतनं येत होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, ट्रे खाली ठेवला आणि कुणाला कप न देताच आत निघून गेली. बायको नवऱ्यावर एवढी चिडलीय हे लोकांना कळू नये म्हणून मीच उठून कप वाटले.

चूक तुझी नव्हती. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, विमलला ठाऊक होतं. गाव मात्र दोन वर्षं तुलाच धरून राहिलं आणि मी धरू दिलं. आज बोलतोय ते त्याबद्दल. तू असताना बोलायला पाहिजे होतं. रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्यासमोर बसत होतो, वेळ नव्हता असं काही नाही.

दाजी गेले आणि तू माहेरी परत आलीस तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. मी शाळेत होतो. त्यानंतर माझं जेवण, माझे कपडे, माझ्या परीक्षा, सगळं तूच बघितलंस. पुढं आप्पांनी वाटणी केली आणि तळ्याकडचं दोन एकर तुझ्या नावावर केलं तेव्हा भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. लेकीला कशाला रान, म्हणाले. तू मला मागच्या दारी बोलावून विचारलंस, "बाळू, तुला खुपत असलं तर आत्ताच सांग. मी घेणार न्हाय." मला खरंच खुपलं नव्हतं. एवढी एक गोष्ट मी आज मान वर करून सांगू शकतो.

वरच्या अंगाचं चार एकर माझं, त्याच्या खाली तुझं दोन एकर, आणि तुझ्या रानाच्या खाली तळं. माझ्या रानात पडलेलं पाणी तुझ्या रानातनंच तळ्यात जायचं. दुसरी वाटच नव्हती.

मला कावीळ झाली त्या साली तुझं आणि माझं दोन्ही रान तू एकटीनं ओढलंस. तंबाखूचे शेंडे खुडून तुझे हात काळे, चिकट झालेले असायचे. घरी आलीस की हाताला चिंच चोळत बसायचीस, नखांत एक डाग राहू द्यायची नाहीस, आणि मग मला भात कालवून द्यायचीस. मी अंथरुणावरनं विचारायचो, रान कसं हाय? तू म्हणायचीस, तुझ्यापेक्षा बरं हाय. त्या साली मी जगलो ते तुझ्यामुळं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं नसतं असं वाटायचं.

तुझ्या सवयींना मी हसायचो. पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय तू ओठाला लावलं नाहीस. बऱ्याच घरांत तेवढं करतात. तू मात्र गाळून झालं की ते फडकं उलटं धरून, त्यावर गाळलेलं पाणी ओतून, त्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा ज्या विहिरीतनं पाणी आणलं त्याच विहिरीत सोडायला जायचीस. नळ आला तरी त्यासाठी तळ्याकाठच्या विहिरीपर्यंत चालत जायचीस, कारण नळाला पाणी तिथलंच. जेवण झालं की ताट धुवून ते पाणी पिऊन टाकायचीस, शितसुद्धा वाया जाऊ नये म्हणून. माझ्या ताटात काही उरलं तर बोलायची नाहीस, नुसती बघायचीस.

तळ्याचा मासेमारीचा ठेका दत्तू भोयाकडं होता. त्याची आणि तुझी गट्टी कशी जमली ते मला कधी कळलं नाही. तो मासे धरणारा, तू मासा बघितला तरी तोंड फिरवणारी. सुरुवातीला एकदा तो मोठा मासा घेऊन आपल्या दारात आला होता, आक्का, तुमच्यासाठी. तू हसून म्हणालीस, "दत्तू, आमच्यात चालत न्हाय रं." बिचारा एवढा ओशाळला. मग दर हिवाळ्यात तो तुला तळ्यातले शिंगाडे आणून द्यायला लागला. तू त्याच्या बायकोला, शांताला, भुईमुगाच्या शेंगा द्यायचीस. तुम्ही दोघं कट्ट्यावर बसून तळ्याच्या गप्पा मारायचा. यंदा पाणी किती चढलं, कुठला पक्षी आला, कुठल्या कडेला शेवाळ धरलंय.

शेवाळ पहिल्यांदा त्यानंच तुला दाखवलं.

त्यानंतर चिकोडीहून शेतकी खात्याच्या बाई आल्या. बस्तीच्या देवळाच्या आवारात बैठक झाली. त्या अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत होत्या. मी पहिली पाच मिनिटं बसलो आणि चहाच्या निमित्तानं बाहेर पडलो. तू शेवटपर्यंत बसलीस आणि घरी येऊन मला सगळं सांगितलंस. आपण रानात टाकतो ते सगळं खत पीक खात नाही. उरलेलं पावसाबरोबर वाहून जातं आणि तळ्यात जाऊन शेवाळाला खाऊ घालतं. शेवाळ माजतं, मग मरून कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मासे गुदमरून मरतात. बाईंनी सांगितलेले उपायही तुला पाठ होते. आधी माती तपासून घ्यायची आणि मग ठरवायचं. खत एकदम फेकायचं नाही, थोडं थोडं, मुळाजवळ, मातीआड करायचं. पाऊस तोंडावर असला तर अजिबात टाकायचं नाही. सऱ्या उताराला सरळ सोडायच्या नाहीत, आडव्या घ्यायच्या. आणि पाण्याच्या कडेला गवताचा पट्टा राखायचा, म्हणजे वाहून आलेली माती आणि खत तिथंच अडतं.

मी म्हणालो, "कागदावर सगळं बरं असतंय."

तू माती तपासायला दिलीस. माझ्या रानातली पण, मला न विचारता. अहवालात आलं की तुझ्या माझ्या दोन्ही रानांत स्फुरद भरपूर आहे, यंदा ते देणाऱ्या डीएपी खताची गरज नाही. तुझ्या रानात तू टाकलं नाहीस. माझ्यात मी टाकलं. आप्पांपासून टाकत आलोय, सोडलं आणि ऊस कमी निघाला तर कोण जबाबदार, असं माझं म्हणणं.

त्याच पावसाळ्यात तू तळ्याच्या कडेनं, आपल्या रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दहा हात रुंदीचा पट्टा सोडलास आणि त्यात वाळा आणि हत्तीगवत लावलंस. वरच्या बाजूनं एक चर काढलास. दोन वर्षांत गवत छातीएवढं झालं. म्हशीला वैरण झाली. दत्तू म्हणायचा, आक्काच्या कडेचं पाणी बघा, तळ दिसतोय.

आपली भांडणं तेव्हापासूनची. खरं तर भांडण एकच, ते आपण पुनःपुन्हा करायचो. मी म्हणायचो, उतारावर वीस जणांची रानं हाईत, माझ्या एकट्याच्या खतानं तळं हिरवं हुतंय व्हय? तू म्हणायचीस, "वीसच्या वीस जण हेच म्हणत्यात रं." एकदा मी चिडून बोललो. म्हणालो, तांब्याभर पाणी गाळतीस, त्यातलं एकेक किडूक विहिरीत सोडायला जातीस, आणि मला शिकवतीस. तळ्यातल्या माशांचं पाप माझ्या माथ्यावर कशाला? तुझा चेहरा उतरला. तू म्हणालीस, "ताटात टाकून उठलं तर पाप म्हणतो आपण. रानात टाकून उठलं तर?" मग कन्नडमध्ये एवढंच म्हणालीस, "साकु." पुरे. राग आला की तू कन्नडवर यायचीस. ते भांडण तिथंच राहिलं.

तुझे गुडघे गेले तसं तुझं रानही मीच करायला लागलो. तू एका अटीवर दिलंस, पट्ट्याला हात लावायचा नाही. मी हो म्हणालो.

गुडघ्याच्या ऑपरेशनला तू बेळगावला गेलीस तो उन्हाळा. माझी लेक सुजाता तुला टिळकवाडीत तिच्या घरी ठेवून घेणार होती, अडीच महिने. जाताना गाडीत बसलीस आणि काच खाली करून मला म्हणालीस, गवताला आठवड्यातनं एकदा पाणी दे. मी म्हणालो, जा तू निर्धास्त.

वैशाखात शेजारच्या रानात जेसीबी आला होता. मी त्याला तासाभरासाठी आपल्याकडं घेतलं. दोन सऱ्या वाढतील, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरला वळायला जागा होईल, एवढाच विचार. तासही लागला नाही. गवताची मुळं एवढी खोल गेली होती की जेसीबीच्या बकेटमधनं मातीचे मोठे मोठे लगदे निघत होते, आणि त्यातनं वाळ्याचा वास येत होता. तो पोरगेला ड्रायव्हर म्हणाला, चांगलं गवत हुतं की. मी म्हणालो, पुन्हा लावता येतंय. चरही बुजवून घेतला. विमल जेवण घेऊन आली, बांधावर उभी राहून बघितलं, आणि डबा ठेवून परत गेली.

मग आषाढ. तीन दिवस गडी मिळाले नव्हते, चौथ्या दिवशी मिळाले. आभाळ भरलेलं. मी युरिया टाकून घ्यायचं ठरवलं. माझ्या चार एकरात आणि तुझ्या दोन एकरात, वरनं फेकून, कारण मातीआड करायला वेळ नव्हता. दुपारी तुझा फोन आला. म्हणालीस, इथं लई आभाळ आलंय, तिकडं बी असंल. खत टाकू नगंस बरं का.

गडी माझ्यासमोर पाट्या घेऊन चालत होते. मी म्हणालो, "टाकलं न्हाय."

तू म्हणालीस, शाणा हाईस.

तो शब्द माझ्या कानातनं गेलेला नाही.

त्या संध्याकाळपासून तीन दिवस ओतलं. उताराला सोडलेल्या सऱ्या ओढ्यासारख्या वाहत होत्या. मी छत्री घेऊन बांधावर गेलो होतो. पट्टा होता तिथं काही अडत नव्हतं, लाल पाणी सरळ तळ्यात पडत होतं. बघून मी घरी आलो आणि विमलला म्हणालो, तळं भरणार यंदा.

पंधरा-वीस दिवसांनी ऊन पडलं आणि तळं हिरवं झालं. शेवाळ आधीही धरायचं, पण कडेनं. हे सगळं तळं, रंगाचा डबा उपडा केल्यासारखं हिरवं. मग वास सुटला. म्हसरं पाण्याला तोंड लावेनात. नळाच्या पाण्याला कुबट वास यायला लागला आणि पंचायतीनं ते पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. मग एका सकाळी दत्तूची शांता पळत गल्लीत आली. मी गेलो तेव्हा दत्तू गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्याभोवती मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. त्यानं वर्षभर वाढवलेले. नुसता एक एक मासा उचलून बघत होता आणि परत ठेवत होता.

तू त्याच आठवड्यात परत आलीस. दारात येण्याआधी गाडी रानाकडं घ्यायला लावलीस. सुजाता सांगते, तू काच खाली केलीस, कडेकडं बघितलंस, आणि म्हणालीस, चल घरी. घरी आलीस, मला बघितलंस, आणि विचारलंस ते एवढंच, "युरिया कवा टाकलास?" मी तुझी पिशवी उचलून आत नेली. तू पुन्हा विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी पंचायतीपुढं गावाची सभा होती. माणसं चिडलेली. कुणीतरी म्हणालं, हे दत्तूचं काम. माशाला खायला म्हणून कोंबडीचं खत पाण्यात टाकतो, त्यानंच पाणी नासलं. ठेका काढून घ्या. बघता बघता दहा जण तेच बोलायला लागले. दत्तू हात जोडून सांगत होता, मी न्हाय टाकलं, पोटच्या पोरावाणी वाढवलेत मासे, मी कशाला टाकीन. कुणी ऐकत नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. महिन्यावर दूध संस्थेची निवडणूक होती आणि मी चेअरमनकीला उभा होतो. मी ठरवलं की आत्ता बोलायचं नाही, सावकाश बघू.

तेव्हा तू उठलीस. काठी टेकत, नव्या गुडघ्यावर, विमलच्या खांद्याचा आधार घेऊन. तू म्हणालीस, "दत्तूनं काय केलं न्हाय. पाणी माझ्या रानातनं गेलंय. कडंचं गवत काढलं, पावसाच्या तोंडावर खत टाकलं. माझं रान, माझी चूक."

सगळ्या सभेनं तुझ्याकडं बघितलं आणि तू कुणाकडंच बघितलं नाहीस. माझ्याकडंही नाही. मी माझ्या पायातल्या चपलेचा अंगठा बघत बसलो. दत्तूनं जोडलेले हात खाली केले आणि तुझ्याकडं असं बघितलं की ती नजर मी टाळली.

तू बेळगावात होतीस हे ठाऊक होतं, तरी जेसीबी आणि गडी तुझ्याच सांगण्यावरनं आले असं सगळ्यांनी धरलं. दत्तूचा ठेका राहिला. तेवढ्यासाठीच तू बोललीस, हे मला कळत होतं.

घरी जाताना मी मोटरसायकल तुझ्याजवळ थांबवली. तू बसली नाहीस. मी गाडी ढकलत तुझ्या शेजारनं चाललो. विचारलं, माझं नाव का सांगितलं न्हाईस? तू काठी टेकत चालत राहिलीस. मग म्हणालीस, "मी सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती. तुझं तू सांगायचं."

मी म्हणालो, सांगतो. निवडणूक होऊन जाऊ दे.

निवडणूक झाली. मी निवडून आलो. हार घालून घरी आलो तेव्हा तू ओवाळलंस. त्यानंतर आपण त्या विषयावर एक शब्द बोललो नाही.

गावानं तुझं कौतुकही केलं आणि तुला सोडलंही नाही. पाणी गाळून पिणारी बाई, आणि तळं हिनंच नासलं, असं बायका बोलायच्या. विमलच्या कानावर यायचं. नळाला वास होता तोवर तू बाहेर पडलीस की गल्लीत बोलणं थांबायचं. त्या हिवाळ्यात दत्तू आपल्या दारात आला नाही, पुढच्याही हिवाळ्यात नाही. तू कट्ट्यावर बसून त्याच्या वाटेकडं बघायचीस. मी म्हणायचो, कामात असंल. तू म्हणायचीस, असंल.

पुढच्या पावसाळ्यात तू पट्टा परत लावलास. गुडघा वाकत नव्हता म्हणून पोतं टाकून त्यावर बसायचीस, हाताच्या आवाक्यातले ठोंब लावायचीस, आणि पोतं पुढं सरकवून पुन्हा बसायचीस. असे अकरा-बारा दिवस. विमल घरचं आवरून तुझ्या मदतीला यायची. मी वरच्या रानात होतो. तिथनं तू मला दिसायचीस आणि मी तुला दिसत असणार. मला खाली यायला दोन मिनिटं लागली असती. आलो असतो तर कबूल केल्यासारखं झालं असतं असं वाटायचं. आता कळतं की तू काही बोलली नसतीस, नुसतं सरकून मला जागा केली असतीस. आक्का, जेसीबीपेक्षा, फोनवरच्या खोट्यापेक्षा मला हे बारा दिवस जास्त टोचतात. ती चूक तासाभराची होती. ही मी रोज सकाळी उठून नव्यानं केली.

पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी तू न चुकता माझ्यासमोर यायचीस. वयानं मोठी, तरी हात जोडायचीस आणि म्हणायचीस, "वर्षभरात माझ्याकडनं काय दुखवलं गेलं असंल तर क्षमा कर." मीही हात जोडायचो, पाठ केलेले शब्द म्हणायचो. तू थोडा वेळ तशीच थांबायचीस. दोन्ही वर्षी थांबलीस. मी चहा घेतीस का विचारलं.

विमल मला म्हणाली होती, "आक्का हाईत तवर सांगा. मागनं सांगून काय उपेग?" मी म्हणालो होतो, बघू.

यंदा क्षमावाणीच्या तीन आठवडे आधी तू दुपारी जेवून पडलीस, ती उठली नाहीस.

परवा क्षमावाणी झाली. बस्तीत पूजा आटोपल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांपुढं सांगितलं. गवत मी काढलं, खत मी टाकलं, आक्का बेळगावात होती, तिला काही माहीत नव्हतं. दूध संस्थेचा राजीनामा देतोय, हेही सांगितलं. मला वाटलं होतं माणसं चिडतील. कुणी चिडलं नाही. भूपालआण्णांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, बाळू, कबूल करायला मोठं मन लागतंय. दोघांनी मिठी मारली. उतारावरच्या तिघांनी तिथंच सांगितलं की आम्ही पण आमच्या खालच्या कडेला गवत लावतो, यंदा माती तपासून घेतो. मी माझ्या सऱ्या आडव्या घेणार आहे. तू तीस वेळा सांगितलेलं काम, त्याला माझ्या एका भाषणावर लोक तयार झाले, वर मलाच शाबासकी. मला तिथं उभं राहवेना.

तिथनं मी दत्तूच्या घरी गेलो. तो बस्तीत येणारा नव्हता, त्याला कोण सांगणार? अंगणात जाळं सांधत बसला होता. या बाळूआण्णा, म्हणाला. मी बसलो नाही. बस्तीत सांगितलं तेच सांगितलं. त्याचा हात थांबला.

"आक्कानं न्हाय केलं ते?"

"न्हाय."

"मग ती मी केलं म्हणाली कशापायी?"

मी म्हणालो, तुझा ठेका जाऊ नये म्हणून. आणि माझं नाव येऊ नये म्हणून.

त्यानं जाळं बाजूला ठेवलं. शांता दारात येऊन उभी राहिली होती. मग तो बोलायला लागला. त्यानं आजवर मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"तू दोन वर्षं गप बसलास ते तुझं तू बघ. पर मी दोन वर्षं त्या बाईला मनात शिव्या दिल्यात. रस्त्यात दिसली तर वाट बदललीय. एकदा तिनं हाक मारली, दत्तू म्हणून, मी ऐकू आलं न्हाय असं दाखवलं. मयताला बी आलो न्हाय. घरातच हुतो. ही म्हणत हुती चला, मी म्हटलं, माझं तळं मारणाऱ्या बाईच्या मयताला मी येणार न्हाय." त्यानं शांताकडं बघितलं. "आता मी कुणाजवळ जाऊ?"

माफ कर म्हणालो. तो म्हणाला, माफीचं मागनं बघू.

मग तो उठला, हातपाय धुतले, डोक्याला टापर बांधली आणि तुझ्या रानाकडं चालायला लागला. मला चल म्हणाला नाही, येऊ नको असंही म्हणाला नाही. मी दहा पावलं मागं राहून चाललो. बांधावर आल्यावर त्यानं मागं वळून हातानं मला थांबवलं.

तळं अजून पुरतं निवळलेलं नाही, आक्का. तुझ्या कडेला थोडं बरं आहे, पलीकडं हिरवंच. बुडाच्या गाळात बसलेलं खत अजून किती वर्षं वर येत राहील कुणास ठाऊक, असं शेतकी खात्याच्या बाई म्हणाल्या. गवत मात्र कमरेच्या वर आलंय.

दत्तू एकटा खाली गेला. गवताच्या कडेला चप्पल काढली, तिथंच मातीत बसला आणि तुझ्याशी बोलायला लागला. हात हलत होते, मान हलत होती, मध्येच तोंड टापरीनं पुसत होता. लांबनं मला एक शब्द ऐकू आला नाही. दिवस मावळेपर्यंत तो बोलत होता आणि मी बांधावर उभा होतो.